एमॉस अलोन्झो स्टॅग

एमॉस अलोन्झो स्टॅग (१६ ऑगस्ट, १८६२ – १७ मार्च, १९६५) हे अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू, प्रशिक्षक व शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते. शिकागो विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १८९२ ते १९३२ असे सलग ४१ हंगाम प्रशिक्षण दिले. त्यानंतर कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिक (१९३३–१९४६) आणि पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठ (१९४७–१९५२) या लहान संस्थांमध्ये त्यांनी काम केले. वयाच्या ९८व्या वर्षापर्यंत ते कोणत्या ना कोणत्या संघाशी प्रशिक्षक या नात्याने जोडलेले होते. अमेरिकन फुटबॉलमधील अनेक डावपेच व सरावाची साधने यांचे श्रेय त्यांना दिले जाते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या तिसऱ्या विभागाच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना ‘स्टॅग बोल’ या नावाने ओळखला जातो. या विभागातील महाविद्यालये खेळाडूंना क्रीडाकौशल्याबद्दल शिष्यवृत्ती देत नाहीत. विद्यापीठातील खेळ हा शिक्षणाचा भाग असावा की लोकरंजनाचा आणि उत्पन्नाचा मार्ग, हा अमेरिकेतील जुना वाद आहे. स्टॅग यांच्या दीर्घ कारकिर्दीत या वादाच्या दोन्ही बाजू दिसतात.

खेळाची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉल हा खेळ भारतात फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून वेगळा असून त्याचा उगम रग्बीत आहे. प्रत्येकी अकरा खेळाडूंचे दोन संघ लंबगोल चेंडूने खेळतात. चेंडू हातात घेऊन धावत किंवा सहकाऱ्याकडे फेकून प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे न्यावयाचा असतो. यास ‘टचडाउन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन अशा पूर्व किनाऱ्यावरील विद्यापीठांत आकारास आला. येलचे वॉल्टर कॅम्प यांनी त्याच्या नियमांना आजच्या स्वरूपाच्या जवळ आणले. त्या काळी संघ चालवण्याचे काम बहुधा विद्यार्थी व माजी विद्यार्थीच करीत. पगारी व कायमस्वरूपी प्रशिक्षक ही कल्पना रूढ झालेली नव्हती.

बालपण व शिक्षण

स्टॅग यांचा जन्म न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज येथे झाला. आठ भावंडांत ते पाचवे होते. वडील जोडे बनवणारे कारागीर होते व घरची परिस्थिती गरिबीची होती. महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी न्यू हॅम्पशायरमधील फिलिप्स एक्झिटर अकादमीत काही काळ अभ्यास केला व त्यानंतर कनेटिकटमधील येल विद्यापीठात प्रवेश घेतला. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी मिळेल ते काम केले. ते शेगडी नसलेल्या माळ्यावरच्या खोलीत राहत आणि अत्यंत अपुऱ्या आहारावर दिवस काढत. त्याचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवर झाला. पुढे आयुष्यभर त्यांनी आहार, व्यायाम व निर्व्यसनीपणा यांबाबत काटेकोर शिस्त पाळली.

धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने ते येलमध्ये आले होते. तेथे त्यांची प्रथम ख्याती झाली ती बेसबॉलमधील पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, म्हणून. १८८८ साली प्रिन्स्टनविरुद्धच्या एका सामन्यात त्यांनी २० फलंदाज बाद केले. न्यू यॉर्कच्या व्यावसायिक संघाने त्यांना करार देऊ केला, तो त्यांनी नाकारला. व्यावसायिक बेसबॉलभोवतीचे मद्यपानाचे वातावरण त्यांना पसंत नव्हते. शिवाय शिक्षणासाठी घेतलेला खेळाचा आधार पैशासाठी विकणे त्यांना गैर वाटे.

१८८८ सालच्या येलच्या फुटबॉल संघातही ते होते. त्या हंगामात येलने प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ६९८ गुण मिळवले व एकही गुण गमावला नाही. १८८९ साली देशातील उत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूंचा ‘अखिल अमेरिकन’ संघ प्रथमच निवडण्यात आला, त्यातही त्यांचा समावेश होता. पदवीनंतर ते धर्मशास्त्राचे शिक्षण घेत होते. परंतु आपल्याला प्रभावी भाषण करता येत नाही, त्यामुळे प्रवचनकार म्हणून आपण यशस्वी होणार नाही, असे त्यांचे मत झाले. तरुणांचे चारित्र्य घडवण्याचे काम व्यासपीठावरून करता येत नसेल तर मैदानावरून करावे, या विचाराने त्यांनी शारीरिक शिक्षणाचा मार्ग स्वीकारला.

स्प्रिंगफील्ड

१८९० साली ते मॅसेच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती युवक संघटनेच्या, म्हणजे वायएमसीएच्या, प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी फुटबॉल संघ उभा केला व त्यात स्वतः खेळलेही. या संघात जेम्स नेस्मिथ हे त्यांचे सहकारी होते. नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१मध्ये याच विद्यालयात बास्केटबॉल हा खेळ तयार केला. ११ मार्च, १८९२ रोजी या खेळाचा पहिला जाहीर सामना शिक्षक व विद्यार्थी यांच्यात झाला. विद्यार्थ्यांनी तो ५–१ असा जिंकला. शिक्षकांचा एकमेव गोल स्टॅग यांनी केला होता.

शिकागो विद्यापीठातील नेमणूक

येलमध्ये स्टॅग यांना शिकवणारे विल्यम रेनी हार्पर हे नव्याने स्थापन होत असलेल्या शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून उभ्या राहणाऱ्या या विद्यापीठाचे नाव अल्पावधीत सर्वत्र व्हावे अशी हार्पर यांची इच्छा होती. त्यासाठी नामवंत विद्वानांप्रमाणेच उत्तम खेळाडूंचा संघही त्यांना हवा होता. त्यांनी स्टॅग यांना वार्षिक २,५०० डॉलर वेतन, सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा आणि कायमस्वरूपी नेमणूक दिली. प्रशिक्षकाला अध्यापकवर्गात असे स्थान मिळण्याचे हे अमेरिकेतील पहिले उदाहरण मानले जाते.

ही नेमणूक दोन अर्थांनी महत्त्वाची ठरली. शारीरिक शिक्षण हा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा अधिकृत भाग झाला, ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की फुटबॉल प्रशिक्षण हा प्रतिष्ठेचा आयुष्यभराचा व्यवसाय झाला व विद्यापीठाच्या प्रसिद्धीचे काम संघाकडे आले.

१ ऑक्टोबर, १८९२ रोजी विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. त्याच दिवशी स्टॅग यांनी सराव घेतला. पहिल्या वर्षी पुरेसे खेळाडू नसल्याने ते स्वतः संघातून खेळले. १८९४च्या डिसेंबरमध्ये त्यांनी संघाला रेल्वेने कॅलिफोर्नियास नेले व नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २४–४ असा पराभव केला. महाविद्यालयीन संघाने एवढ्या दूरचा प्रवास करणे त्या काळी नवलाचे होते. याच वर्षी त्यांचा विवाह शिकागो विद्यापीठातील विद्यार्थिनी स्टेला रॉबर्टसन यांच्याशी झाला. स्टेला यांना खेळाचे उत्तम ज्ञान होते. सामन्यांची टिपणे ठेवणे व प्रतिस्पर्धी संघांचे निरीक्षण करणे ही कामे त्या पुढे अनेक दशके करीत राहिल्या. या दांपत्यास दोन मुलगे व एक मुलगी झाली. दोन्ही मुलगे, एमॉस व पॉल, पुढे फुटबॉल प्रशिक्षक झाले.

मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांनी १८९६ साली एकत्र येऊन ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’ हा गट स्थापन केला. तोच पुढे ‘बिग टेन’ या नावाने प्रसिद्ध झाला. शिकागो हा त्याचा संस्थापक सदस्य होता. स्टॅग यांच्या संघाने १८९९, १९०५, १९०७, १९०८, १९१३, १९२२ व १९२४ अशी सात वेळा या गटाची अजिंक्यपदे मिळवली.

१९०५चा हंगाम व खेळातील सुधारणा

शिकागोच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध सामना ३० नोव्हेंबर, १९०५ रोजी झाला. फील्डिंग योस्ट यांच्या मार्गदर्शनाखालील मिशिगन विद्यापीठाचा संघ त्यापूर्वीच्या ५६ सामन्यांत अपराजित होता. शिकागोचा वॉल्टर एकरसॉल याने मारलेला चेंडू मिशिगनच्या खेळाडूने स्वतःच्या अंतिम रेषेमागे झेलला आणि तो पुढे आणण्याचा प्रयत्न केला. परंतु शिकागोच्या खेळाडूंनी त्याला पुन्हा रेषेमागे ढकलले. त्याबद्दल मिळालेल्या दोन गुणांवर शिकागोने सामना २–० असा जिंकला व हंगाम अपराजित राहून पूर्ण केला.

हेच वर्ष फुटबॉलच्या अस्तित्वाच्या दृष्टीने कसोटीचे होते. खेळाडूंनी एकमेकांत हात गुंतवून, गर्दी करून प्रतिपक्षावर चाल करण्याच्या पद्धतीमुळे गंभीर दुखापती होत. त्या वर्षी सुमारे १८ खेळाडूंचा मृत्यू झाला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून सुधारणा करण्यास सांगितले. काही विद्यापीठांनी खेळ बंद केला. १९०६च्या नव्या नियमांनी चेंडू पुढे फेकण्यास, म्हणजे ‘फॉरवर्ड पास’ला, परवानगी मिळाली आणि दोन्ही संघांच्या रांगांमध्ये मोकळी जागा ठेवणे सक्तीचे झाले. या घडामोडींतून स्थापन झालेली संघटना १९१० पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना म्हणून ओळखली जाऊ लागली. स्टॅग १९०४ पासून नियम समितीचे सदस्य होते. नव्या नियमांचा उपयोग करून घेणाऱ्या पहिल्या प्रशिक्षकांत त्यांची गणना होते.

१९०६ साली वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अध्यापक प्रतिनिधींनीही कठोर निर्बंध घातले. हंगामातील सामन्यांची संख्या पाचवर आणली, खेळाडूची पात्रता तीन वर्षांपुरती मर्यादित केली व पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्यास मनाई केली. हे निर्बंध मान्य नसल्याने मिशिगनने काही वर्षांसाठी गट सोडला. शिकागोत मात्र ते लागू झाले.

या निर्बंधांमागे जी टीका होती तिचा रोख शिकागोवरही होता. स्टॅग यांच्या विभागाला आर्थिक बाबतीत बरीच स्वायत्तता होती. तिकीटविक्रीचे उत्पन्न मोठे होते. चांगल्या खेळाडूंचा माध्यमिक शाळांतून शोध घेतला जाई. १९०५चा नायक एकरसॉल हा अभ्यासात मागे होता व त्याने पदवी न घेताच विद्यापीठ सोडले. हौशी खेळाचा पुरस्कार करणाऱ्या स्टॅग यांनीच खेळाच्या व्यापारीकरणाला चालना दिली, असे मत नंतरच्या अभ्यासकांनी मांडले आहे.

डावपेच, साधने व लेखन

खेळाडूला अडवून पाडण्याच्या सरावासाठी वापरला जाणारा भरीव पुतळा, चाल सुरू होण्यापूर्वी एका खेळाडूने बाजूने धावणे, चेंडू हातोहात देत दिशा उलटवण्याची चाल, चाल ठरवण्यासाठी खेळाडूंनी घोळका करणे, पोशाखावर क्रमांक घालणे अशा अनेक गोष्टींचे जनकत्व स्टॅग यांच्याकडे दिले जाते. यांपैकी काही कल्पना इतरत्रही त्याच सुमारास उदयास आल्या असल्याने श्रेयाबाबत मतभेद आहेत. बेसबॉलमध्ये फलंदाजीच्या सरावासाठी जाळीचा पिंजरा वापरण्याची पद्धतही त्यांच्या नावे सांगितली जाते.

१८९३ साली त्यांनी हेन्री एल. विल्यम्स यांच्यासह अमेरिकन फुटबॉलचे शास्त्रीय व व्यावहारिक विवेचन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. चालींच्या आकृत्या देणाऱ्या आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक आहे. ‘टचडाउन!’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२७ साली वेस्ली विनान्स स्टाउट यांच्या सहकार्याने प्रसिद्ध झाले.

स्टॅग मद्य व तंबाखू यांपासून दूर राहत आणि सरावात अपशब्द वापरीत नसत. फार राग आला तर खेळाडूला गाढव म्हणणे ही त्यांच्या संतापाची परिसीमा होती. त्यांचे अनेक शिष्य पुढे नामांकित प्रशिक्षक झाले. जेसी हार्पर यांनी नोत्र दाम विद्यापीठात न्यूट रॉकनी यांना घडवले. फ्रिट्झ क्रायस्लर मिशिगनचे प्रशिक्षक झाले.

शिकागोतील उतरती वर्षे

शिकागोचे मैदान १९१३च्या सुमारास ‘स्टॅग फील्ड’ या नावाने ओळखले जाऊ लागले. २८ ऑक्टोबर, १९२२ रोजी येथे झालेल्या सामन्यात प्रिन्स्टनने शिकागोचा २१–१८ असा पराभव केला. त्याचे वर्णन तारांद्वारे न्यू यॉर्कला पाठवून तेथून रेडिओवर प्रक्षेपित करण्यात आले होते. १९२४ साली इलिनॉयच्या रेड ग्रेंज याच्या संघाशी २१–२१ अशी बरोबरी साधून शिकागोने गटाचे अजिंक्यपद मिळवले. ते शिकागोचे अखेरचे अजिंक्यपद ठरले. शेजारची राज्य विद्यापीठे विद्यार्थिसंख्येने वेगाने वाढत होती, तर शिकागोत संशोधन व पदव्युत्तर शिक्षणावर भर वाढत होता.

१९२९ साली रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हे तरुण अध्यक्ष सूत्रे हाती घेते झाले. विद्यापीठाचे कार्य बौद्धिक शिक्षण हेच असून मोठ्या प्रमाणावरील फुटबॉलला तेथे स्थान नाही, अशी त्यांची भूमिका होती. सत्तराव्या वर्षी निवृत्तीचा नियम स्टॅग यांना लागू करण्यात आला. विद्यापीठाने त्यांना दुसरे पद देऊ केले, परंतु मैदानाबाहेरचे ते काम त्यांनी स्वीकारले नाही. आपण अद्याप प्रशिक्षण देण्यास समर्थ आहोत अशी त्यांची धारणा होती. १९३२चा हंगाम शिकागोतील त्यांचा अखेरचा हंगाम ठरला.

त्यांच्यानंतर शिकागोचा जे बर्वेंगर हा १९३५ साली देशातील उत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूसाठी नव्याने सुरू झालेल्या, पुढे हाइझमन नावाने प्रसिद्ध झालेल्या, पारितोषिकाचा पहिला मानकरी ठरला. संघ मात्र दुबळा होत गेला. १९३९ साली मिशिगनने शिकागोचा ८५–० असा पराभव केला. मिशिगनचे प्रशिक्षक स्टॅग यांचेच शिष्य क्रायस्लर होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विद्यापीठाने फुटबॉल संघ बंद केला. मैदान ओस पडले. त्याच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखालच्या जागेत एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुभट्टी उभारली व २ डिसेंबर, १९४२ रोजी मानवनिर्मित स्वयंपोषित अणुसाखळी प्रक्रिया प्रथमच साध्य केली. जुने प्रेक्षागार १९५७ साली पाडण्यात आले. त्या जागी आज विद्यापीठाचे रेगनस्टाइन ग्रंथालय उभे आहे.

कॉलेज ऑफ द पॅसिफिक

१९३३ साली, वयाच्या ७१व्या वर्षात, स्टॅग यांनी कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये प्रशिक्षकपद स्वीकारले. ही लहान संस्था होती व तिची साधने तुटपुंजी होती. उत्पन्नासाठी तिला कॅलिफोर्नियातील बड्या विद्यापीठांच्या संघांशी त्यांच्याच मैदानांवर खेळावे लागे व त्यात बहुधा पराभव ठरलेला असे. परिणामी येथील १४ हंगामांत त्यांच्या नावावर ६० विजय, ७७ पराभव व ७ बरोबरी अशी नोंद आहे. समान बळाच्या संघांमध्ये मात्र पॅसिफिकची कामगिरी चांगली होती. उत्तर कॅलिफोर्नियातील लहान महाविद्यालयांच्या ‘फार वेस्टर्न कॉन्फरन्स’ या गटाची पाच अजिंक्यपदे त्यांनी मिळवली.

नोव्हेंबर १९३८मध्ये पॅसिफिकचा संघ शिकागोस गेला आणि स्टॅग यांच्याच नावाच्या मैदानावर त्याने शिकागो विद्यापीठाचा ३२–० असा पराभव केला. ज्या विद्यापीठाने वयाचे कारण देऊन त्यांना निरोप दिला होता, त्याच्या फुटबॉलचा त्यानंतर एकच हंगाम उरला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलाच्या अधिकारी प्रशिक्षण योजनेखाली अनेक चांगले खेळाडू पॅसिफिकमध्ये दाखल झाले. १९४३च्या हंगामात या संघाने कॅलिफोर्निया विद्यापीठ व यूसीएलए या बलाढ्य संघांना हरवले. त्या वर्षी प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने ८१ वर्षांच्या स्टॅग यांची वर्षातील उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून निवड केली. १९४६च्या हंगामानंतर त्यांना येथूनही निवृत्त व्हावे लागले.

सस्क्वेहाना व १९५१चा हंगाम

स्टॅग यांचे थोरले चिरंजीव एमॉस अलोन्झो स्टॅग (धाकटे) हे १९३५ पासून पेनसिल्व्हेनियातील सेलिन्सग्रोव्ह या लहान गावी सस्क्वेहाना विद्यापीठात प्रशिक्षक होते. १९४७ साली वडील त्यांच्यासोबत सहप्रशिक्षक म्हणून रुजू झाले. सहा हंगाम पितापुत्रांनी मिळून संघ सांभाळला. या काळात संघाने २१ सामने जिंकले, १९ गमावले व ३ बरोबरीत सोडवले.

यांतील १९५१चा हंगाम विशेष होय. सस्क्वेहानाने त्या वर्षीचे सहाही सामने जिंकले. त्या वेळी थोरले स्टॅग ८९ वर्षांचे होते. हजारो प्रेक्षकांपुढे मिशिगनला हरवणाऱ्या १९०५च्या संघाचा हंगाम व सेलिन्सग्रोव्हमधील हा हंगाम यांत ४६ वर्षांचे अंतर होते. सस्क्वेहानाच्या सामन्यांतून विद्यापीठाला ना मोठे उत्पन्न मिळणार होते, ना राष्ट्रीय कीर्ती. खेळाडू शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी होते आणि खेळ संपल्यावर पुन्हा वर्गात जाणार होते. शिकागोत स्टॅग यांनी तत्त्व म्हणून जे सांगितले, ते येथील लहानशा व्यवस्थेत सहज आचरणात येत होते. याच वर्षी महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्माननीयांच्या दालनात पहिल्या तुकडीत त्यांची निवड झाली. खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी हा मान मिळवणारे ते पहिले होत. १९५९ साली बास्केटबॉलच्या अशाच दालनातही त्यांचा समावेश झाला.

अखेरची वर्षे

पत्नीच्या ढासळत्या प्रकृतीमुळे १९५३ पासून स्टॅग स्टॉकटनमध्येच राहिले. तेथील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या स्टॉकटन कॉलेजमध्ये ते चेंडू लाथाडण्याचे तंत्र शिकवणारे सल्लागार प्रशिक्षक म्हणून काम पाहू लागले. १९६० साली, वयाच्या ९८व्या वर्षी, त्यांनी मैदानाचा निरोप घेतला. १७ मार्च, १९६५ रोजी स्टॉकटन येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय १०२ वर्षे होते.

विजयांचा विक्रम

अधिकृत नोंदींनुसार मुख्य प्रशिक्षक म्हणून स्टॅग यांच्या नावावर ३१४ विजय आहेत. त्यांत स्प्रिंगफील्ड, शिकागो व पॅसिफिक येथील विजयांचा समावेश होतो. सस्क्वेहानातील २१ विजय मुलाच्या नावे नोंदले गेले असून ते या संख्येत धरलेले नाहीत. १९८१ साली अलाबामा विद्यापीठाचे पॉल ब्रायंट यांनी ३१५वा विजय मिळवून हा विक्रम मागे टाकला, तेव्हा या नोंदीस महत्त्व आले. सस्क्वेहानातील विजय धरले असते तर स्टॅग यांची संख्या ३३५ झाली असती व ब्रायंट यांना ती गाठता आली नसती. पुढे ग्रॅम्बलिंगचे एडी रॉबिन्सन यांनी ४०८ विजय नोंदवले. त्यांनाही मागे टाकणारे मिनेसोटातील सेंट जॉन्सचे जॉन गॅग्लियार्डी यांनी निवृत्तीपर्यंत ४८९ विजय मिळवले. गॅग्लियार्डी यांचा संघ तिसऱ्या विभागातील होता.

तिसरा विभाग व स्टॅग बोल

१९७३ साली राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने सदस्य संस्थांची तीन विभागांत विभागणी केली. पहिल्या विभागात मोठी मैदाने, दूरचित्रवाणीचे करार व पूर्ण शिष्यवृत्त्या असलेली विद्यापीठे आली. तिसऱ्या विभागात क्रीडा-शिष्यवृत्ती न देणाऱ्या, बहुतांशी लहान संस्था आल्या. या विभागाच्या अंतिम सामन्यास स्टॅग यांचे नाव देण्यात आले. ‘बोल’ ही हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या मानाच्या सामन्यासाठी अमेरिकेत रूढ असलेली संज्ञा आहे. पहिला अंतिम सामना १९७३ साली अलाबामातील फीनिक्स सिटी येथे झाला व त्यात विटेनबर्गने जुनियाटाचा ४१–० असा पराभव केला. १९९३ पासून अनेक वर्षे हा सामना व्हर्जिनियातील सेलम येथे भरत असे. ओहायोतील माउंट युनियन या संस्थेने १३ वेळा हे अजिंक्यपद मिळवले आहे.

शिकागो विद्यापीठाने १९६९ साली फुटबॉल संघ पुन्हा सुरू केला. आज तो तिसऱ्या विभागात खेळतो. त्याच्या नव्या मैदानाचे नावही स्टॅग फील्ड असेच आहे. स्प्रिंगफील्ड व सस्क्वेहाना या स्टॅग यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच्या व उत्तरार्धातील संस्थाही याच विभागात आहेत. मोठ्या संघांच्या बरोबरीने उभे राहण्याचा प्रयत्न करणाऱ्या पॅसिफिकने खर्चाचा भार न पेलल्याने १९९५च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केला.

मूल्यमापन

स्टॅग यांच्याकडे दोन भिन्न दृष्टींनी पाहिले जाते. एका दृष्टीने ते व्यसनमुक्त, निःस्पृह व विद्यार्थ्यांच्या चारित्र्याला विजयाहून अधिक मोल देणारे शिक्षक होते. दुसऱ्या दृष्टीने, विद्यापीठाच्या नावासाठी व उत्पन्नासाठी चालणाऱ्या आधुनिक महाविद्यालयीन फुटबॉलच्या रचनेचे ते आरंभीचे शिल्पकार होते. त्यांची कायम नोकरी, स्वायत्त विभाग, दूरचे दौरे व मोठे प्रेक्षागार ही सारी त्या रचनेचीच अंगे होत. त्यांना धर्मोपदेश मैदानावर न्यावयाचा होता, तर हार्पर यांना मैदानाकरवी विद्यापीठाची कीर्ती पसरवायची होती. शिकागोत या दोन हेतूंची काही काळ सांगड पडली व हचिन्स यांच्या काळात ती तुटली.

आज त्यांचे नाव दोन्ही टोकांना आढळते. मोठ्या उलाढालीच्या बिग टेन गटाच्या फुटबॉल अजिंक्यपदाचा, २०११ पासून दिला जाणारा चषक त्यांच्या नावाने आहे आणि शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या तिसऱ्या विभागाचा अंतिम सामनाही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वयाच्या सत्तरीनंतर मिळालेल्या सन्मानपूर्ण विश्रांतीऐवजी त्यांनी लहान महाविद्यालयांची मैदाने निवडली. ज्या विभागात विद्यार्थी केवळ खेळाच्या ओढीने खेळतो त्या विभागाच्या अंतिम सामन्याला त्यांचे नाव असणे त्यांच्या कारकिर्दीच्या या उत्तरार्धाशी सुसंगत आहे.